एअर रायफलचा वेग दर शॉटला बदलतोय? या चुका टाळा

फोंडा घाट चढून वर गेलं की राधानगरी तालुका लागतो. तिथल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्यपदक मिळवलं, आणि घाटाखाली आमच्याकडेही मुलं रायफल शिकायला येऊ लागली. देवगडजवळ आंब्याच्या पेट्या भरायच्या एका जुन्या शेडमध्ये आमची दहा मीटरची रेंज आहे. मुलं आली याचा मला मनापासून आनंद आहे. पण नवी रायफल, छर्ऱ्यांचा नवा डबा, क्रोनोग्राफवर (छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) उड्या मारणारे आकडे आणि लगेच "सर, रेग्युलेटर बदलायचा का?" (म्हणजे दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) हा प्रश्न, हे दर महिन्याला बघून आता लिहायला बसलो आहे.

आधी हिशेब समजून घ्या. मॅच रायफलचा ४.५ मिमीचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला १७० ते १७५ मीटर वेगाने सुटतो. १७२ च्या वेगाने दहा मीटर जाईपर्यंत तो साडेसोळा मिलिमीटर खाली येतो. वेग १६९ झाला तर आणखी सुमारे ०.६ मिमी. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा आणि दशांश गुणांची प्रत्येक पायरी पाव मिलिमीटरची. म्हणजे तीन मीटरच्या फरकाने दोन दशांश गेले. एका मीटरचा फरक मात्र शिकाऊ मुलाने मनावर घेऊ नये. त्याच्या श्वासाने त्याहून जास्त गुण जातात.

नव्या रायफलला तेल पाजणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. खारा वारा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस यांमुळे आपल्याकडे लोखंडाची प्रत्येक वस्तू जपावी लागते, हे खरं. म्हणून घरची माणसं प्रेमाने सल्ला देतात. दोन पावसाळ्यांपूर्वी एक मुलगा नवी कोरी स्प्रिंगची रायफल घेऊन आला. जिल्हा स्पर्धेला नऊ दिवस होते. पहिला शॉट १६८, दुसरा २०३, तिसरा १८१, चौथा २१४. नळीतून निळसर धूर निघत होता आणि शेडभर तळणीचा वास सुटला होता. मी विचारलं, आत काय घातलंस? तो म्हणाला, "आवशीन सांगल्यान, गंज लागात म्हणान खोबरेल तेल घातलंय."

स्प्रिंगच्या रायफलमध्ये पिस्टन हवा इतक्या जोरात दाबतो की ती क्षणभर प्रचंड तापते. त्या हवेत तेलाचा अंश असला की तो पेटतो, डिझेल इंजिनात पेटतो तसाच, आणि छर्ऱ्याला जादा धक्का बसतो. दर शॉटला तेल कमीजास्त जळतं, म्हणून वेगही कमीजास्त. त्यात खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास थिजतं. डिसेंबरात सकाळी सात वाजता तुमच्या रायफलमध्ये काय असेल, ते बाटलीकडे बघून ओळखा.

त्या मुलाला मी नेम बदलू दिला नाही की साईटला हात लावू दिला नाही. रायफल जाणकार कारागिराकडून उघडून घेतली. पिस्टनचं सील करपलं होतं. नवं सील आलं तोवर स्पर्धा होऊन गेली. मुलगा रडला, आणि मलाही फार वाईट वाटलं, कारण तेलाचा थेंब कुठे चालतो हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. आता प्रत्येक नव्या मुलाला सांगतो: तेल फक्त बाहेरच्या लोखंडाला, तेही फडक्यावर घेऊन पुसायचं. नळीच्या आत आणि पिस्टनकडे काहीही सोडायचं नाही. घरी गेल्यावर रायफल कव्हरमध्ये कोंडू नका. कव्हरचा फोम दमट राहतो आणि गंज तिथेच धरतो.

जुने छर्रे नव्या डब्यात ओतणं

तांदळाच्या पिंपात जुने तांदूळ संपवून नवे भरायचे, हे घरात सगळ्यांना कळतं. छर्ऱ्यांच्या बाबतीत मात्र उरलेले शंभर-दीडशे सरळ नव्या डब्यात जातात. माझ्या एका विद्यार्थिनीने असंच केलं, डबा हलवला, पाच शॉट क्रोनोग्राफवर घेतले. पाचही जवळजवळ सारखे. ती निश्चिंत झाली. स्पर्धेत मात्र ६० शॉटांत वर-खाली, वर-खाली. बिचारी आपल्या ट्रिगरला दोष देत बसली. परत आल्यावर आम्ही ३० शॉट मोजले आणि वहीत एकाखाली एक लिहिले. काही आकडे १७१ च्या आसपास, काही १७४ च्या, आणि मधे जवळजवळ काहीच नाही. सरासरी छान दिसत होती, पण डब्यात दोन वेगळ्या लॉटचे छर्रे होते. पहिले पाच योगायोगाने एकाच लॉटचे निघाले होते.

पाच शॉटांवर डबा पास करणारी घाई मला अजिबात मान्य नाही. मी कमीत कमी वीस घेतो आणि वीसही लिहितो. "तो एक चुकून आला" म्हणून आकडा खोडायचा नाही, कारण स्पर्धेत तो खोडता येत नाही. डब्याच्या झाकणावर मार्करने लॉट आणि उघडल्याची तारीख घालतो. पांढरी भुकटी धरलेले किंवा स्कर्ट (मागची पोकळ कड) चेपलेले छर्रे बाजूला काढतो. एसटीच्या टपावरून आलेल्या पार्सलात असे बरेच निघतात. सोनाराकडे असतो तसा मिलिग्रॅमचा काटा असेल तर वजनं जरूर करा, पण छर्ऱ्यात दोन टक्के फरक असला तर वेगात साधारण एक टक्काच पडतो. रोज रात्री डबेच्या डबे तोलत बसणाऱ्या मुलांनी तो वेळ होल्डिंगला, म्हणजे रायफल स्थिर धरण्याच्या सरावाला दिलेला मला आवडेल. छर्रे शिशाचे असतात. तोंडात धरू नका आणि हात धुतल्याशिवाय डब्यातली चपाती खाऊ नका.

हवा कुठली भरता?

मॅच रायफलमध्ये स्प्रिंगऐवजी सिलिंडरमधली दाबलेली हवा छर्रा ढकलते. पावसाळ्यात हातपंपाने हा सिलिंडर भरला की दमट हवेतलं पाणी दाबाखाली आत साठतं, आणि काही महिन्यांनी रेग्युलेटर रुसतो. आम्ही मालवणकडच्या डायव्हिंगवाल्यांकडून भरलेल्या स्कूबा टाकीतून हवा घेतो, ती कोरडी असते. सावकाश भरा. घाईने भरली तर सिलिंडर तापतो आणि गार झाल्यावर काटा खाली आलेला दिसतो. भरल्यावरचे पहिले पाच शॉट मोजायचे नाहीत, रेग्युलेटर स्थिरावू द्यायचा. सिलिंडरवरची मुदतीची तारीखही वाचा. मुदत संपलेला सिलिंडर वापरायचा नाही, आणि ती बघणं नेमबाजाचीच जबाबदारी आहे.

एका पालकांनी ऑक्सिजनची नळकांडी आणली होती, "हवाच ती" म्हणून. मी ती शेडच्या दारातूनच परत पाठवली. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीसचा अंश एकत्र आले की स्फोट होतो. यात कोणतीही सवलत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. ट्यूबलाईटखाली क्रोनोग्राफ लावू नका, तिच्या लुकलुकण्याने प्रकाशावर चालणारी सेन्सर फसतात. नळी साफ केल्यावर पहिले वीसेक शॉट भटकतात, म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री साफसफाई नको. रेग्युलेटरचा स्क्रू स्वतः फिरवू नका.

आणि वेग बिघडला तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी ओळखीचा, बंद डबा उघडून वीस शॉट घ्या. आकडे जुळले तर दोष छर्ऱ्यांचा. नाही जुळले तर हवा बदलून पुन्हा वीस. तरीही उड्या मारत असतील तरच रायफल कारागिराकडे न्या, आणि सोबत ती वही न्या.