यूएसएमएलईचे बजेट कोलमडते कुठे? या चुका टाळा

यूएसएमएलई म्हणजे अमेरिकेत डॉक्टरी करण्यासाठीची परवाना परीक्षा. तिच्या खर्चाचा हिशोब बहुतेक घरांत तीन ओळींत होतो: स्टेप १ आणि स्टेप २ सीके या पहिल्या दोन टप्प्यांची फी आणि यूवर्ल्ड ही सरावाची ऑनलाइन प्रश्नपेढी. तेवढी बेरीज आईवडिलांना सांगितली जाते आणि मग दर काही महिन्यांनी "अजून थोडे लागतील" म्हणायची वेळ येते. फी मोठी असली तरी ती आधीच माहीत असते, त्यामुळे तिने बजेट कोलमडत नाही. कोलमडते ते हुकलेल्या तारखांमुळे आणि दोन्ही स्टेप झाल्यानंतरच्या, कुणी मांडलेल्याच नसलेल्या खर्चांमुळे. म्हणून नुसती यादी करू नका, महिन्यांचा तक्ता करा. कोणत्या महिन्यात किती, कोणत्या चलनात, आणि ती तारीख पुढे गेली तर वर काय भरावे लागेल, हे त्यात लिहा. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा.

अभ्यासाचा अंदाज येण्याआधी अर्ज करणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. फी भरली की अभ्यासाला जोर येईल, या भरवशावर अर्ज केला जातो. अर्ज करताना तीन महिन्यांचा एलिजिबिलिटी पीरियड निवडावा लागतो आणि परीक्षा त्यातच द्यावी लागते. जादा पैसे भरून तो एकदाच, लगतच्या तीन महिन्यांसाठी वाढवता येतो. तेही संपले की फी बुडाली. परतावा नाही, पुढच्या अर्जात ती वळती होत नाही. नवा अर्ज, पुन्हा पूर्ण फी.

आंतरराष्ट्रीय पदवीधरांसाठी, म्हणजे अमेरिका-कॅनडाबाहेर वैद्यकीय पदवी घेतलेल्यांसाठी, ही फी २०२५ मध्ये प्रत्येक स्टेपला साधारण एक हजार डॉलर होती. अमेरिका-कॅनडाबाहेरच्या प्रोमेट्रिक केंद्रावर (परीक्षा केंद्रे ही कंपनी चालवते) परीक्षा दिली तर वर वेगळा अधिभार लागतो, आणि तो किरकोळ नसतो. दर जानेवारीत बदलतात, त्यामुळे सीनियरने दोन वर्षांपूर्वी सांगितलेला आकडा तक्त्यात घालू नका.

क्रम असा ठेवा. सगळ्या विषयांची पहिली फेरी संपवा, एनबीएमई या परीक्षा तयार करणाऱ्या संस्थेची एक सेल्फ-असेसमेंट (सराव परीक्षा) द्या, तिच्या निकालावरून किती आठवडे लागतील ते ठरवा आणि मग पीरियड निवडा. ठरवलेली तारीख त्या पीरियडच्या पहिल्या महिन्यात पडली पाहिजे. म्हणजे घसरायला दोन महिने हातात राहतात आणि मुदतवाढीची वेळच सहसा येत नाही.

तारीख बदलण्याचा दंड परीक्षा जवळ येईल तसा वाढत जातो आणि शेवटच्या पाच दिवसांत सर्वांत जास्त असतो. म्हणून "पुढे ढकलू का?" हा प्रश्न आदल्या आठवड्यात नाही, दीड महिना आधी स्वतःला विचारा. मात्र सराव परीक्षांत अजून पासिंगच्या खाली असाल तर दंड वाचवण्यासाठी परीक्षेला बसू नका. स्टेप १ जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास आहे. नापास झालात तर पूर्ण फी पुन्हा लागतेच, शिवाय तो प्रयत्न ट्रान्स्क्रिप्टवर (अधिकृत निकालपत्रकावर) कायम राहतो. एका स्टेपला एकूण चारच प्रयत्न मिळतात. दंड भरणे केव्हाही स्वस्त.

नावाकडे दुर्लक्ष

हा खर्च वाटत नाही, पण यातून फी जाऊ शकते. आपल्याकडे पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचे आणि वडिलांचे नाव एकत्र असते, पदवी प्रमाणपत्रावर कधी आडनाव आधी छापलेले असते आणि लग्नानंतर पासपोर्ट बदलला तर तिसरेच नाव तयार होते. प्रोमेट्रिकवर शेड्युलिंग परमिटवरचे (परीक्षेच्या प्रवेशपत्रावरचे) नाव ओळखपत्राशी जुळावे लागते. मधले नाव एका ठिकाणी असणे आणि दुसऱ्या ठिकाणी नसणे चालते. पहिले नाव किंवा आडनाव वेगळे असेल तर आत सोडत नाहीत. दुरुस्ती करायची ती अर्जाआधी करा. अॅफिडेव्हिट, पासपोर्ट नव्याने काढणे, विद्यापीठातली कागदपत्रे यांचा खर्च तक्त्यात पहिल्या महिन्यात घाला. पासपोर्टची मुदतही तेव्हाच तपासा. मुदत संपलेला पासपोर्ट चालत नाही.

डॉलरचा हिशोब गूगलवरच्या दराने करणे

कार्डावर परदेशी व्यवहाराचा मार्कअप (बँकेचे जादा शुल्क) लागतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. मार्कअप ३.५ टक्के असेल तर एक हजार डॉलरवर ३५ डॉलर, त्यावर जीएसटी ६.३०, म्हणजे ४१.३० डॉलर वरचे. दोन स्टेप, पाथवेज (क्लिनिकल कौशल्ये सिद्ध करण्याचा अर्ज), इरास (रेसिडेन्सीचे, म्हणजे अमेरिकेतल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाचे अर्ज पाठवण्याची सेवा) अशा सगळ्या भरण्यांवर हे लागत जाते. कमी किंवा शून्य मार्कअपचे कार्ड घरात कुणाकडे आहे का ते आधी पाहा. रुपया घसरण्याची शक्यता धरून तक्त्यातल्या प्रत्येक डॉलर रकमेवर पाच ते सात टक्के जास्त ठेवा.

पैसे भरताना कार्ड नाकारले गेले तर बहुतेक वेळा खात्यातल्या शिलकीचा दोष नसतो. मार्च २०२० पासून नव्या कार्डांवर आंतरराष्ट्रीय वापर मुळात बंदच येतो. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय आणि ऑनलाइन हे दोन्ही पर्याय चालू करा आणि व्यवहाराची मर्यादा वाढवा. ही मर्यादा अनेकदा एका स्टेपच्या फीपेक्षा कमी असते. पैसे कापले गेले पण अर्ज पुढे सरकला नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी अर्जाच्या खात्यातली भरणा नोंद पाहा.

यूवर्ल्ड लवकर चालू करणे

मुदत अॅक्टिव्हेशनपासून मोजली जाते. सवलतीत घ्यायचेच तर घ्या, पण पहिले वाचन चालू असताना अॅक्टिव्हेट करू नका, नाहीतर ऐन सरावाच्या काळात रिन्यूअल भरावे लागते. चौघांत मिळून एकच अकाउंट वापरू नका. नियमभंगामुळे ते बंद झाले तर पैसे आणि सरावाची नोंद दोन्ही जातात. एनबीएमईचे सगळे फॉर्म (सराव परीक्षांचे संच) सुरुवातीलाच संपवू नका. प्रत्येकाला वेगळे पैसे पडतात आणि त्यांची खरी गरज शेवटच्या सहा आठवड्यांत असते. यूएसएमएलईच्या संकेतस्थळावरचे नमुना प्रश्न मोफत आहेत.

बजेट स्टेप २ सीकेवर थांबवणे

परदेशी पदवीधरांना रेसिडेन्सीसाठी ईसीएफएमजी प्रमाणपत्र लागते. त्यासाठी पाथवेज लागतो, आणि त्याची फी २०२५ मध्ये जवळजवळ एका स्टेपइतकी होती. त्यासोबत ओईटी मेडिसिन ही डॉक्टरांसाठीची इंग्रजीची परीक्षा. तिची फी ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये असते, त्यामुळे ती अमेरिकन डॉलरच्या रकान्यात टाकू नका. ओईटी फार लवकर देऊनही ठेवू नका. जुना निकाल तुमच्या मॅचच्या (रेसिडेन्सीची जागा ठरण्याच्या) वर्षी मुदतीबाहेर गेला तर पुन्हा द्यावी लागते.

इराससाठी इथे आकडेमोडच केली पाहिजे. २०२५ च्या सीझनच्या दराने एका स्पेशॅलिटीत पहिल्या ३० अर्जांना प्रत्येकी ११ डॉलर आणि ३१ व्यापासून प्रत्येकी ३० डॉलर.

- ३० प्रोग्रॅम: ३३० डॉलर
- ६० प्रोग्रॅम: १,२३० डॉलर
- १०० प्रोग्रॅम: २,४३० डॉलर

पहिले तीस स्वस्त, पुढचा प्रत्येक अर्ज जवळपास तिप्पट महाग. व्हिसा न देणारे, पदवीनंतरच्या वर्षांची अट घालणारे, अमेरिकेतला क्लिनिकल अनुभव सक्तीचा करणारे प्रोग्रॅम आधी गाळा. यादी गाळण्यात घालवलेली एक दुपार काही शे डॉलर वाचवते. ट्रान्स्क्रिप्ट आणि मॅच चालवणाऱ्या एनआरएमपीच्या नोंदणीची फी वेगळी.

ऑब्झर्व्हरशिप आणि स्टेप ३

ऑब्झर्व्हरशिप म्हणजे अमेरिकेतल्या रुग्णालयात निरीक्षक म्हणून काम पाहणे. तिच्या फीपेक्षा तिथे राहण्याचा खर्च बहुधा जास्त होतो. व्हिसा हातात येण्याआधी परत न मिळणारी रक्कम भरू नका. बी१-बी२ या भेटीच्या व्हिसाच्या अर्जाची १८५ डॉलर फी तर व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही.

स्टेप ३ हा यूएसएमएलईचा शेवटचा टप्पा. ती अमेरिका आणि तिच्या अखत्यारीतल्या प्रदेशांतच देता येते आणि ती दोन दिवसांची असते, म्हणजे फीसोबत विमान आणि मुक्कामही आला. रेसिडेन्सीसाठी एच-१बी व्हिसा हवा असेल तर ती रेसिडेन्सीआधी पास असावी लागते. जे-१ व्हिसासाठी तशी अट नाही. जे-१ नेच जायचे ठरले असेल तर हा सगळा रकाना आत्ताच्या तक्त्यातून काढून टाका. एच-१बी ठरले असेल तर प्रमाणपत्र मिळाल्यावरची तारीख धरा आणि ऑब्झर्व्हरशिपही तेव्हाच बाकी असेल तर दोन्ही एकाच प्रवासात बसवा.