लसूणघासाचं बियाणं घरचंच धरायचं असेल तर

विदर्भात ऊन लवकर तापतं, म्हणून बियाण्यासाठी राखलेल्या वाफ्यातली चाऱ्याची कापणी जानेवारीअखेर थांबवा. पुढे पाणी हात राखून द्या, युरिया तर नकोच. नाहीतर नुसता पाला माजतो, शेंगा धरत नाहीत.

खरी मेख फुलात आहे. मधमाशी बसली की पाकळ्यांत दाबून धरलेला केसरांचा दांडा झटक्यात वर उसळतो, आणि तेव्हाच परागीभवन नीट होतं. म्हणून फुलोऱ्यात फवारणी टाळा. अगदीच गरज पडली तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी.

पिवळ्या दोऱ्यासारखी अमरवेल दिसली तर तेवढा पट्टा घासासकट कापून जाळा. तिचं बी एकदा मिसळलं की निवडणं फार अवघड! दोन तृतीयांश शेंगा तपकिरी झाल्या की सकाळी दवातच कापा, उन्हात त्या झडतात.