लिव्हर-ॲक्शन रायफल भरायची कशी: नळी, झडप की पेटी

आमच्या सिंधुदुर्गात बंदुकीच्या जाती दोनच: ठासणीची आणि काडतुसाची. नोकरीच्या निमित्ताने टेक्सासात आलो, रेंजवर लिव्हर-ॲक्शन (चापाभोवतीची दांडी खाली-वर ओढून पुढचं काडतूस चढवायची रायफल) हातात घेतली, तेव्हा कळलं की काडतुसाच्या एका जातीतसुद्धा भरायच्या तीन-चार तऱ्हा आहेत, आणि प्रत्येक तऱ्हेचा एक कट्टर भक्त दुकानाच्या काउंटरला टेकून उभा असतो. या भक्तांचं ऐकून मी दोन मोसम अंगठा सोलून घेतला.

चष्मा, कानावर मफ, बॅरल माऱ्याच्या दिशेला, बोट चापाबाहेर, बॅरलवर कोरलेला कॅलिबर आणि काडतुसाच्या बुडावरचा छाप एकच. हे सगळं गृहीत धरतो. यातलं काही नवीन वाटत असेल, तर लेख बाजूला ठेवून आधी रेंजवरच्या प्रशिक्षकाला गाठा.

भरण्याआधी गोळीचं टोक बघा. बॅरलखाली नळीचं मॅगझिन (काडतुसांचा साठा) असेल तर काडतुसं एकामागे एक आडवी बसतात. मागच्याचं टोक थेट पुढच्याच्या प्रायमरवर, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टिकलीवर, टेकतं. टोक अणकुचीदार असलं की रायफलच्या धक्क्याने ते प्रायमर फोडू शकतं, आणि नळी तुमच्या डाव्या हातातच असते. म्हणून .30-30 सारख्या काडतुसांची गोळी चपटी किंवा गोल टोकाची असते. हॉर्नडी कंपनी टोकदार गोळ्या विकते, पण त्यांचं टोक मऊ प्लास्टिकचं आहे. ‘थोडी टोकदार असली तर काय बिघडतं’ असं म्हणणाऱ्याच्या शेजारच्या लेनमध्ये उभे राहू नका. पॉइंट 22 ला ही भानगड नाही, कारण तिथे स्फोटक बुडाच्या कडेत असतं, मध्यभागी नाही.

नळी पुढून भरणं सर्वांत सोपं. पुढच्या टोकाची खाचांची मूठ फिरवून आतली नळी ओढा, बाहेरच्या नळीतलं काडतुसाच्या आकाराचं भोक मोकळं झालं की काडतुसं बूड खाली, टोक बॅरलच्या तोंडाकडे अशी सोडा, आतली नळी परत बसवून फिरवा. संपलं. खोट एकच: हे करताना हात बॅरलच्या तोंडाशी जातो, तेव्हा तोंडावरून हात किंवा डोकं न्यायचं नाही. आमच्या ठासणीच्या बंदुकीलाही हाच नियम होता. 1860 च्या मूळ हेन्री रायफलीत पुढून भरण्याचीच सोय होती, पण तिची नळी खालून चिरलेली. त्या चिरेतून फॉलोअरचा (काडतुसं मागे रेटणाऱ्या स्प्रिंगवरच्या ठोकळ्याचा) खुंटा मागे सरकत यायचा आणि धरलेल्या हाताला आडवा यायचा. धूळमातीही तिथूनच आत शिरायची. म्हणून 1866 च्या विंचेस्टरमध्ये नेल्सन किंगची बाजूची झडप आली आणि नळी बंद झाली.

आता ही झडप. माझा अंगठा जिने सोलला ती हीच.

रिसिव्हरच्या, म्हणजे बॅरलमागच्या यंत्राच्या खोक्याच्या, उजव्या बाजूला, काडतूस जेमतेम मावेल एवढी स्प्रिंगची पाती असते. लोक सांगतात, ‘काडतूस ठेव आणि अंगठ्याने ढकल’. हा सल्ला अर्धवट आहे. अंगठा पातीच्या मागे आत शिरतो, काडतूस पुढे जाऊन अडकतं, पाती मागे उसळते आणि कडेची धार थेट नखाखाली. नव्या रायफलीत स्प्रिंग कडक आणि कडा कोऱ्या, तेव्हा तर विळीच. मी अंगठ्याला पट्टी बांधून पाहिलं, हातमोजे घालून पाहिलं. मोज्यांत काडतूस नीट बसलं की नाही ते बोटांना कळतच नाही.

खरी रीत अशी. लिव्हर पूर्ण मिटलेली हवी. रायफल डाव्या हातात आडवी धरा, झडप जरा वरच्या बाजूला येईल अशी कलती, तोंड मात्र माऱ्याकडेच. काडतूस सपाट लावू नका. गोळीचं टोक पातीवर तिरकं टेकवून पाती आत दाबा आणि त्याच हालचालीत काडतूस पुढे सरकवा. आणि मग थांबा. पूर्ण आत घालू नका. बुडाकडचा सुमारे एक सेंटीमीटर बाहेर राहू द्या, म्हणजे पाती त्या काडतुसानेच उघडी राहते. आता दुसरं काडतूस घ्या आणि त्याच्या टोकाने पहिल्याचं बूड आत ढकला. दुसऱ्यालाही शेवटचा सेंटीमीटर बाहेर ठेवा. मुंबईच्या लोकलमध्ये दारातल्या माणसाला स्वतः आत शिरावं लागत नाही, मागचा त्याला आत घालतो. तसंच.

अंगठा पूर्ण लागतो तो फक्त शेवटच्या काडतुसाला. तिथेही अंगठ्याचं टोक नाही, कड वापरा. बूड आतल्या खटक्यापलीकडे गेलं की बारीक ‘टक्’ जाणवतो. तो जाणवेपर्यंत दाब सोडायचा नाही आणि जाणवल्यावर अंगठा सरळ मागे घ्यायचा. निम्म्यातून हात काढला की काडतूस मागे घसरतं. तशात लिव्हर ओढलीत तर ते आत आडवं अडकतं, आणि मग जबरदस्ती केली की पितळ चेपतं. अडकलं तर लिव्हरशी कुस्ती नको. बॅरल माऱ्याकडे ठेवून झडप दाबा, काडतूस बाहेर येऊ द्या. नाहीच आलं तर गनस्मिथ, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा कारागीर, गाठा.

झडपेची कड खूपच बोचत असेल तर गनस्मिथकडून ती घासून गोल करून घ्या. स्वतः कानस घेऊन बसू नका. मी बसलो होतो, आणि त्या झडपेला अजून एक खोक आहे.

एवढा छळ सोसून लोक झडपेला का चिकटून आहेत? कारण दोन बार काढले की रायफल न उघडता दोन काडतुसं पुन्हा भरता येतात, आणि हरणांच्या मोसमात, नोव्हेंबरच्या थंडीत झाडाखाली बसल्यावर त्याचं मोल कळतं. नळी पुढून भरायची तर रायफल खांद्यावरून उतरवून हात तोंडाशी न्यावा लागतो. आजच्या हेन्री कंपनीने 2019 मध्ये झडप आणि निघणारी नळी दोन्ही एकाच रायफलीत दिली. एवढी वर्षं हे कोणाला का सुचलं नाही कोण जाणे.

नळीऐवजी पेटीचं मॅगझिन असणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात शिकण्यासारखं फार नाही. ब्राउनिंगच्या बीएलआर रायफलीची पेटी भरून खालून चढवा. विंचेस्टर 1895 वरून भरते. पहिल्या महायुद्धात रशियाने ती सुमारे 3 लाखांच्या संख्येने मागवली, तीही क्लिपने (काडतुसं ओळीने धरणाऱ्या पट्टीने) भरता यावी म्हणून वर मार्गिका बसवून. जुन्या सॅव्हेज 99 मध्ये फिरती चरखी होती. या सगळ्यांत काडतुसं एकामागे एक टेकत नाहीत, म्हणून टोकदार गोळी चालते. ज्याला दूरचा नेम धरायचाय त्याने यातलं काहीतरी घ्यावं. मला खालून लोंबणारी पेटी हातात धरवत नाही, एवढंच.

रिकामी करण्याबद्दल मात्र नीट ऐका. निघणारी नळी असेल तर ती ओढून काडतुसं तळहातावर ओता आणि मग लिव्हर चालवून चेंबर, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाचं काडतूस बसायचं घर, बघा. फक्त झडप असेल तर लिव्हर पूर्ण उघडून-मिटून एकेक काडतूस बाहेर काढावं लागतं. प्रत्येक वेळी ते चेंबरमध्ये जाऊन येतं आणि घोडा चढतो. तेव्हा बोट चापाच्या जवळपासही नको.

आणि मोजा. सहा घातली तर सहा बाहेर आली पाहिजेत. एकदा माझी पाच आली. लिव्हर आणखी दोनदा मारली, काही आलं नाही. मला वाटलं, भरतानाच मोजणीत चुकलो असेन. रायफल पिशवीत घालणार, तेवढ्यात शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने विचारलं, “आत बघितलंस?” लिव्हर मिटून झडप दाबली, टॉर्च मारला, तर आत पितळी बूड चमकत होतं. फॉलोअर नळीतल्या मळात अडकला होता आणि सहावं काडतूस तिथेच बसून होतं. दस्त्यावर दोन थापा मारल्यावर स्प्रिंग सुटली. तेव्हापासून रिकामी केलेली रायफलही झडप दाबून, टॉर्चने फॉलोअर दिसल्याशिवाय मी पिशवीत घालत नाही, आणि ती नळी दर मोसमाआधी उघडून पुसतो.