तळ्याच्या बंधाऱ्याची पावसाळ्याआधीची तयारी

कृषी पर्यटन, रिसॉर्ट किंवा फार्महाऊससाठी ओढा अडवून तळं केलं असेल, तर मे महिन्याचा दुसरा पंधरवडा पेंट, बोटी आणि बुकिंगमध्ये घालवू नका. तो बंधाऱ्याला द्या. धरण सुरक्षा कायदा, 2021 तुमच्या बंधाऱ्याला बहुधा लागू नाही. तो कायदा 15 मीटरहून उंच धरणांसाठी आहे. 10 ते 15 मीटर उंचीचं धरण असेल तर किमान 10 लाख घनमीटर साठा किंवा 500 मीटर लांबी अशी काही अट पूर्ण व्हावी लागते. मोठ्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करणं मालकाला बंधनकारक आहे, मग मालक खासगी असला तरी. आठ मीटरच्या मातीच्या भरावाकडे मात्र कुणी तपासायला येणार नाही. ते तुमचं तुम्हालाच करायचं आहे.

सुरुवात सांडव्यापासून करा, म्हणजे तळं भरल्यावर जास्तीचं पाणी बाहेर जाण्याच्या वाटेपासून. मातीचा भराव पाणी अडवतो, पण त्याच्या माथ्यावरून पाणी गेलेलं त्याला सोसत नाही. धार पाठीमागचा उतार कापत वर सरकते आणि पुढचं काम तासाभरात उरकतं. म्हणून सांडव्यात उभे राहा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मासे पळू नयेत म्हणून लावलेली जाळी काढा. तळं जास्त भरलेलं दिसावं म्हणून ठेवलेल्या फळ्या आणि वाळूच्या गोण्याही काढा. एका ठिकाणी मी अशी जाळी पाहिली आहे. पहिल्याच पावसाचा पाला, बाटल्या आणि एक तुटकी चप्पल तिला चिकटली होती. जाळीच्या अलीकडे पाणी गुडघाभर चढलं होतं, पलीकडे घोटाही बुडत नव्हता.

ही साधी चूक नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क इथे 1879 मध्ये धनाढ्यांच्या एका मासेमारी क्लबने जुनं, पडीक धरण विकत घेतलं. अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री फ्रिक त्याचे सभासद होते. तळाचे लोखंडी विमोचक पाइप, म्हणजे तळ्यातलं पाणी खाली सोडायचे पाइप, आधीच्या मालकाच्या काळातच भंगारात गेले होते, क्लबने ते पुन्हा बसवले नाहीत. घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा काही फूट खाली घेतला आणि सांडव्यावर माशांसाठी जाळ्या ठोकल्या. खालच्या गावातल्या लोखंड कंपनीच्या वतीने एका इंजिनिअरने पाहणी करून धोका कळवला, तेव्हा क्लबकडून उत्तर आलं की तुम्हाला आमच्यापासून काहीही धोका नाही. 31 मे 1889 ला मोठ्या पावसात पाणी माथ्यावरून गेलं आणि 72 फूट उंचीचा भराव फुटला. सुमारे 14 मैलांवरच्या जॉन्सटाउनपर्यंत लाट तासाभरात पोहोचली. 2,209 माणसं मेली. जाळी, रस्ता, विमोचक: तुमच्या तळ्यावरही हीच तीन ठिकाणं आधी बघायची आहेत.

तर आता माथा. त्यावरून जीप जात असेल तर चाकोऱ्या पडलेल्या असतात, आणि पाणी सगळ्यात आधी खोलगट जागेतूनच जाणार. गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा आणि दर दहा पावलांवर माथ्याची पातळी सांडव्याच्या उंबरठ्याशी ताडून बघा. खोलगट जागा मुरूम टाकून, ओलावून, धुमसाने ठोकून भरा. नुसती माती लोटून दिलीत तर पहिल्या सरीत वाहून जाईल.

विमोचकाची झडप पूर्ण उघडा आणि पूर्ण बंद करा. अडली तर आत्ताच मिस्त्री बोलवा. पाणी उतरवायचं असेल तर रोज वीतभरच. घाई केली तर ओला भराव तळ्याच्या बाजूने घसरतो. विमोचकच नसेल तर पंप किंवा सायफनची सोय हाताशी ठेवा, डिझेलसकट.

मग पायथ्याशी जा. मातीच्या बंधाऱ्याला थोडा पाझर असतोच. तो वाढतोय का आणि गढूळ आहे का, हे खरं बघायचं. काचेच्या पेल्यात पाणी धरून उजेडाकडे बघा. नितळ असेल तर 10 लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते तारखेसह वहीत लिहा, दर आठवड्याला. पेल्याच्या तळाशी गाळ बसत असेल तर भराव आतून वाहून जातोय. मग वही बाजूला ठेवा, पाणी उतरवायला घ्या आणि जाणत्या इंजिनिअरला त्याच दिवशी बोलवा. चिपळूणजवळचं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं. त्याच्या गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. घुशी आणि खेकड्यांची बिळं खणून, चिकणमाती ठोकून बुजवा. भरावावरची झुडपं कापा, पण मोठं झाड पावसाच्या तोंडावर मुळासकट उपटू नका, खड्ड्याने भराव कमकुवत होतो.

बंधाऱ्याखालच्या सपाट जागेवरचे तंबू हलवा. पावसाळ्यात तिथे कुणालाही झोपवू नका, कितीही पैसे मिळाले तरी. रात्रपाळीला माणूस, बॅटरी, रेनकोट आणि फावडं हवं. सांडव्यात रंगाची एक खूण करा. पाणी तिथवर आलं की त्या माणसाने कुणालाही न विचारता फोन सुरू करायचे: पोलीस पाटील, तलाठी, सरपंच, जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077. जॉन्सटाउनलाही इशाऱ्याच्या तारा (टेलिग्राम) गेल्या होत्या, पण आधीच्या वर्षांत इतके इशारे फुकट गेले होते की लोकांनी त्या मनावर घेतल्या नाहीत. म्हणून आधी ओळख हवी. ओढ्याच्या काठाने खाली चालत जा, घड्याळ बघत. वाटेतली घरं, वीटभट्टी, पाड्यावरच्या झोपड्या मोजा. प्रत्येक दारात थांबा, तळं कुणाचं ते सांगा, नंबर द्या आणि घ्या. त्या घरातला फोन रात्री चालू असतो का, रेंज येते का, हेही विचारून या.