गुरुत्वीय भिंगातून आइन्स्टाइनची परीक्षा घेताय? या चुका टाळा

हबल दुर्बिणीच्या फोटोत दीर्घिकेभोवती प्रकाशाचं कडं दिसलं (मागच्या दीर्घिकेचा प्रकाश पुढचीच्या गुरुत्वाकर्षणानं वाकून बनलेलं; पुढची दीर्घिका म्हणजेच गुरुत्वीय भिंग), त्रिज्या मोजली, वस्तुमान काढलं आणि 'आइन्स्टाइन बरोबर' म्हणून मोकळे झालात? थांबा. त्रिज्येवरून वस्तुमान काढताना तुम्ही सापेक्षतावादाचंच सूत्र वापरलंत. म्हणजे ज्याची परीक्षा, त्याच्याच हाती पेपर तपासायला दिला.

वस्तुमान दुसऱ्या वाटेनंही मोजावं लागतं: ताऱ्यांच्या वेगावरून. तारे प्रकाशाच्या मानानं संथ, त्यामुळे त्यांच्यावर अवकाशाच्या वक्रतेचा परिणाम नगण्य. प्रकाशावर मात्र तो पुरेपूर. दोन्ही हिशेब जुळतात का, हे 'गॅमा' सांगतो: वस्तुमानामुळे अवकाश किती वक्र होतो, याचा आकडा. आइन्स्टाइनच्या मते तो बरोबर 1.

खरी माती होते ती वेग मोजताना. वस्तुमान वेगाच्या वर्गावर ठरतं. वेगात 5 टक्के चूक झाली की वस्तुमानात 10 टक्के, आणि गॅमात जवळजवळ 0.2! ताऱ्यांच्या वेगामुळे वर्णपटातल्या रेषा रुंदावतात; ती रुंदी ज्या नमुना-ताऱ्यांशी ताडून काढता, तेच चुकीचे निवडले तर एवढी चूक सहज होते. तेव्हा नमुन्यांचा संच बदलून गणित पुन्हा करा. उत्तर हललं तर तो फरक त्रुटीत धरा, लपवू नका.

केंद्रातल्या एकाच वेगावर विसंबणंही महागात पडतं. तारे केंद्राकडे ये-जा करणाऱ्या लांबट कक्षांत फिरत असतील, तर मध्यभागी वेगांचा विस्तार (ताऱ्यांच्या वेगांतला आपापसातला फरक) फुगून दिसतो आणि वस्तुमान उगाच वाढतं. म्हणून दीर्घिकाभर वेगांचा नकाशा हवा. दूरच्या दीर्घिकांत तो नीट मिळत नाही. 2018 मध्ये थॉमस कोलेट आणि सहकाऱ्यांनी ईएसओ 325-जी004 ही दीर्घिका निवडली ती याचसाठी: भिंग म्हणून खूपच जवळची, सुमारे 45 कोटी प्रकाशवर्षांवर. कडं हबलच्या चित्रांतून, वेग चिलीतल्या व्हीएलटी या महादुर्बिणीवरच्या म्यूज या वर्णपट घेणाऱ्या उपकरणातून.

उत्तर आलं 0.97, अधिक-उणे 0.09. यावर 'आइन्स्टाइन 3 टक्क्यांनी चुकला' असं लिहिणारे भेटतातच! त्रुटीच्या पट्ट्यात 1 आरामात बसतो.

उलट टोकही नको. शनीकडे निघालेल्या कॅसिनी यानाच्या रेडिओ संदेशांवरून 2003 मध्येच गॅमा लाखात दोन-तीन भागांइतक्या अचूकतेनं मिळाला होता, मग हा खटाटोप कशाला, असं विचारतात. ती मोजणी सूर्याजवळची. इथलं कडं दीर्घिकेच्या केंद्रापासून सुमारे 2 किलोपार्सेकवर (साधारण साडेसहा हजार प्रकाशवर्षांवर) आहे, आणि काही पर्यायी सिद्धांतांत गुरुत्वाकर्षणातला बदल सूर्यमालेत झाकलेलाच राहतो.