कांद्याच्या रुपयात शेतकऱ्याचे किती पैसे?

मुंबईची भाची फोनवर विचारते, "मामा, कांदा चाळीस रुपये झाला, मजा आहे तुमची!" तिला हिशोब शिकवला, तोच सांगतो.

कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर लासलगावच्या कांदा बाजाराचा त्या दिवसाचा दर बघा. कमाल दराकडे लक्ष देऊ नका, तो एखाद्या ट्रॉलीला मिळतो आणि बातमीत झळकतो. सर्वसाधारण दर घ्या. तो क्विंटलचा असतो, म्हणून शंभराने भागा. समजा दर १५०० आहे, म्हणजे किलोला १५ रुपये.

आता हिशोबपट्टी, म्हणजे विक्रीनंतर हातात पडते ती पावती. हमाली, तोलाई (वजन करायचे पैसे) वजा होते, ट्रॅक्टरचं भाडं वेगळं. (आडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, २०१६ पासून खरेदीदाराकडे गेली, तेवढं बरं झालं.) उन्हाळ कांदा असेल तर खरी मेख चाळीत, म्हणजे कांदा साठवतो त्या शेडमध्ये: एप्रिलला शंभर किलो भरला आणि सप्टेंबरला सत्तर निघाला, तर १५ चे साडेदहाच धरा. घट, सड, कोंब, सगळं आमच्या अंगावर.

उरलेल्याला दुकानातल्या दराने भागा. इथे चाळीस रुपयांत साडेदहा, साधारण २६ टक्के. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासात कांद्यात शेतकऱ्याचा वाटा ३६ टक्के आला होता.

एकाच दिवसावर जाऊ नका, महिनाभर लिहा. लासलगावला भाव पडला तरी भाचीच्या भाजीवाल्याकडे तो लगेच उतरत नाही. चढताना मात्र बघा!