रूटचा पडदा लाल

नेरूळला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात २ जीबी रॅमचा जुना डेबियनवाला (लिनक्सचा एक प्रकार) पीसी आहे. त्याची देखभाल माझ्या गळ्यात. डिस्कचे भाग पाडायचे असले की मी रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याने, आत शिरतो. तेव्हा मला एक टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) आणि जीपार्टेड हे भाग पाडायचं साधन पुरतं. पण पूर्वी रूटचा डेस्कटॉप माझ्या रोजच्यासारखाच दिसायचा. एकदा कुठल्या लॉगिनात आहोत याचं भान न ठेवता एक फोल्डर उडवलं, आणि दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी काकूंचा फोन, "अरे, मार्चच्या पावत्या कुठे गेल्या?"

तेव्हापासून रूटला वेगळी, लाल पडद्याची मांडणी. कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना रोमन, सगळी अक्षरं छोटी. ओपनबॉक्स (खिडक्या सांभाळणारा हलका प्रोग्रॅम) आणि एक्सटर्म (साधं टर्मिनल) आधी टाकून घ्या. मग कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या कन्सोलवर (नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर) जा आणि रूटने लॉगिन करा. उबुंटूत रूटचा पासवर्ड मुळात बंद असतो. तो तसाच राहू द्या, आपल्या नावाने शिरून 'सुडो -आय' करा, म्हणजे रूट व्हाल. रूटचं घर (स्वतःचं फोल्डर) /होममध्ये नसतं, थेट /रूट. तिथे .एक्सइनिटआरसी ही फाइल करा, आधीच्या टिंबासकट. आत तीन ओळी, पहिली पडदा लाल करते:

एक्ससेटरूट -सॉलिड रेड
एक्सटर्म &
एक्झेक ओपनबॉक्स-सेशन

दुसऱ्या ओळीतलं & मी पहिल्यांदा गाळलं होतं. कोपऱ्यात बिनचौकटीचं टर्मिनल आलं आणि गाडी तिथेच अडली. ते बंद केल्याशिवाय पुढची ओळ चालेचना. अर्धा तास मी ग्राफिक्स कार्डाला शिव्या देत होतो! 'एक्झेक' मात्र शेवटीच हवं, त्याच्याखालचं काही वाचलंच जात नाही. एक्सएफसीई हा पूर्ण डेस्कटॉप इथे मुद्दाम घेतला नाही, त्याचा वॉलपेपर लाल रंग झाकून टाकतो.

आता कन्सोलवर 'स्टार्टएक्स' टाइप करा, लाल डेस्कटॉप उघडेल. काम झालं की मोकळ्या जागी राइट क्लिक करून ओपनबॉक्समधून बाहेर पडा, मग कन्सोलवरूनही लॉगआउट करा.

जीडीएमच्या, म्हणजे नेहमीच्या चित्रमय, लॉगिन पडद्यावरून रूटला आत घ्यायचं तर पॅमच्या (लॉगिनची परवानगी तपासणाऱ्या यंत्रणेच्या) फाइलीतली एक ओळ बंद करावी लागते. ते दार मी उघडत नाही.

परवा काकूंनी लाल पडदा पाहिला. "बिघडलं की काय रे?"

"नाही काकू. फक्त आत्ता हात लावू नका."